बर्फाळ हिवाळ्याआधी घराची तयारी: या चुका टाळा

हिवाळ्याची तयारी म्हटली की पहिली धाव हीटर घेण्याकडे असते. हीटर हवाच, पण बर्फाच्या दिवसांत घराचं मोठं नुकसान बहुतेक वेळा पाणी करतं.

पाइप आणि नळ

पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. तरी पाइप अनेकदा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्यावरचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फुटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवायचा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली तर खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोचते.

सर्रास होणारी चूक म्हणजे अंगणातल्या नळाला होज पाइप तसाच लावून ठेवणं. मग नळातलं पाणी निथळत नाही आणि गोठत गोठत भिंतीच्या आतपर्यंत जातं. फुटलेलं कळतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर, पहिल्यांदा नळ सोडल्यावर, भिंत ओली झाली की! होज काढा, त्या नळाचा घरातला व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेरचा नळ उघडून रिकामा होऊ द्या.

गावाला जाताना बिल वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करू नका. १२-१३ अंशांच्या खाली तापमान जाऊ देऊ नये. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला तरी पाइपांत आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी उरतंच. हा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. पाइप फुटल्यावर टॉर्च घेऊन शोधाशोध करण्याची ती वेळ नसते.

पाइप गोठलाच, तर आधी नळ उघडा आणि नळाच्या बाजूपासून मागे मागे हेअर ड्रायरने ऊब द्या. खाली पाणी साचलं असेल तर ड्रायर हातात घेऊ नका. ब्लोटॉर्च किंवा कसलीही ज्योत नको, त्याने भिंतीच्या आत आग लागू शकते.

छताच्या कडेचा बर्फ

पन्हळीला लोंबणारे लांबलचक बर्फाचे सुळे फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती पोटमाळ्यातून ऊब निसटत असल्याची खूण असते. उबदार छतावरचा बर्फ वितळतो, पाणी थंड कडेला येऊन पुन्हा गोठतं आणि तिथे बांध तयार होतो. मागे तुंबलेलं पाणी कौलांखाली शिरतं आणि छताला ओल येते. अशा वेळी शिडी लावून हातोड्याने बर्फ फोडणं म्हणजे छत फोडण्यासारखंच, शिवाय पडण्याचा धोका. जमिनीवरूनच लांब दांड्याच्या फावड्याने कडेचा ताजा बर्फ ओढून काढता येतो.

पन्हळी पानगळ झाल्यावर साफ कराव्यातच, पण मूळ दुखणं त्याने जात नाही. पोटमाळ्याच्या तळातल्या दिव्यांच्या, पाइपांच्या भोवतालच्या फटी बुजवा, मग त्यावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर टाका. हा क्रम उलटा झाला तर गरम, दमट हवा इन्सुलेशनमधूनही वर जाते. आणि उत्साहाच्या भरात छताच्या कडेची हवा येण्याची छिद्रं झाकू नका; पोटमाळा थंड आणि कोरडाच राहायला हवा.

खिडक्या-दारांच्या फटी शोधायला ओला हात पुरतो. गार झोत लगेच जाणवतो.

हवेचा मार्ग

फटी बुजवताना बॉयलरच्या, शेगडीच्या हवेची वाट मात्र बंद करायची नाही. धुराडं दरवर्षी साफ करून घ्या. लाकडाच्या धुराचा चिकट थर पेट घेतो. बर्फ पडून गेल्यावर भिंतीतून बाहेर येणारा बॉयलरचा पाइप गाडला गेला नाही ना, हे आधी पाहा, मग अंगणातला बर्फ उपसा. वीज गेली म्हणून जनरेटर गॅरेजमध्ये चालवणं ही जिवावर बेतणारी चूक आहे, दार उघडं असलं तरी. तो घरापासून किमान ६ मीटर दूर, उघड्यावर हवा. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म बसवा, आणि तो वाजला तर कारण शोधत बसू नका: सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, फोन तिथून करा.