आधी थांबाले शिका: नागपुरात टाइम अटॅकची सिव्हिक बनवताना

हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड अशी रोजची कामं. त्याच शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली २००८ची होंडा सिव्हिक उभी असते. पहिल्या वर्षी मी तिच्यावर सगळे पैसे आवाजावर घालवले. मोठा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, बोनेटवर काळं व्हायनल. माझ्या मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काऊन भाऊ, गाडी बनवून राहिले का पानठेला?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "इंजिनाले हात नका लावू आत्ताच. आधी थांबाले शिका."

तेव्हा मी ऐकलं नाही. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तिसऱ्याच लॅपला, म्हणजे फेरीला, ब्रेकचं पेडल फरशीला टेकलं आणि गाडी वळण सोडून मातीत गेली. चूक माझीच. ब्रेक ऑइल किती जुनं आहे हे मी बघितलंच नव्हतं. त्यानंतर गाडी कोणत्या क्रमाने बनवली, ते सांगतो.

टाइम अटॅक म्हणजे ट्रॅकवर घड्याळाशी लावलेली शर्यत. त्यात गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. एक लॅप टायर गरम करायला, एक लॅप जीव तोडून, एक लॅप गाडी थंड करायला. मोजतात फक्त मधला. जपानमध्ये त्सुकुबाच्या २.०४५ किलोमीटरच्या ट्रॅकवर एका मिनिटाच्या आत येणं ही तिथल्या हौशी लोकांची लक्ष्मणरेषा. सिडनीला २०१० पासून होणाऱ्या वर्ल्ड टाइम अटॅक चॅलेंजमधल्या, दाराएवढे पंख लावलेल्या गाड्या बघून सुरुवात करू नका. त्या गाड्यांच्या एका टायरसेटच्या पैशात आपलं वर्ष निघतं.

सिव्हिकच का? निसानची सिल्व्हिया, माझदाची आरएक्स-७ या जपानी गाड्या आपल्याकडे शोरूममध्ये कधी आल्याच नाहीत. मित्सुबिशीची इव्हो टेन आली, पण ती माझ्या खिशाबाहेरची. आठव्या पिढीची सिव्हिक मात्र भारतात २००६ पासून विकली गेली आणि जपानमधली एफडी२ टाइप आर, म्हणजे सिव्हिकची वेगवान बहीण, याच सेदानच्या सांगाड्यावर उभी होती. तिच्यात दोन लिटरचं के२०ए इंजिन, २२५ पीएस (घोडे म्हणा), आपल्यात १.८ लिटरचं आर१८, १३२ पीएस. इंजिन गरीब, पण हाडं त्याच घराण्यातली. घेताना मॅन्युअल गिअरबॉक्सचीच घ्या. अपघातात पुढचा चेसिस ओढून सरळ केलेली असेल तर फुकट मिळाली तरी नको.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही. ती ट्रेलरवर जाते, ट्रेलरवर येते. समृद्धीवर 'जरा बघून येऊ' म्हणणारे पोट्टे भेटतील, त्यांना चहा पाजून घरी पाठवा. तिथे मर्यादा ताशी १२० ची आहे, आणि उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर फुटला तर बाजूला वाळूचा सापळा नसतो.

सुरुवात वजनापासून करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. गाडी कळमन्याच्या धरमकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. ट्रकचा काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवतो, तरी पुढेमागे वजन कसं वाटलंय ते कळतं. माझी अर्ध्या टाकीला १,२३० किलो भरली होती, त्यातलं बासष्ट टक्के पुढच्या चाकांवर. मागची सीट, गालिचा, स्टेपनी, दारांची अस्तरं काढली. फरशीवरचा डांबरी थर मात्र मी मे महिन्यात काढायला घेतला आणि पस्तावलो. पंचेचाळीस डिग्रीत तो गुळासारखा ओढला जातो, खरवडणी बरबटते, हातही बरबटतात. तेच काम जानेवारीत पहाटे सहाला करा. नागपूरच्या थंडीत तो थर कडक होतो आणि छिन्नीच्या एका टोल्याला टवके उडतात. एसी काढायचा की नाही यावर आमच्या घरी वेगळी चर्चा झाली. काढला.

आतून गाडी रिकामी झाली की पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून आत जोडायचा पाइपांचा सांगाडा. इथे मला स्वतःच्या धंद्याचाच मोह होता. शेडमध्ये पाइप पडलेलाच असतो, वेल्डिंग मशीन आपलंच. पण गेटचा शिवणीचा पाइप पिंजऱ्याला चालत नाही. एफआयए या मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात सीमलेस (बिनशिवणीचं), कोल्ड ड्रॉन (थंड ओढलेलं) कार्बन स्टील लागतं. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० ला २. पाय जिथे फरशीला टेकतात तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी. वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. पंचवीस वर्षं गेटं जोडणाऱ्याचा हात आणि पिंजरा जोडणाऱ्याचा हात वेगळा असतो. हेल्मेट, सीट आणि सहा पट्ट्यांचा बेल्ट यांवरची एफआयएची चिठ्ठी आणि मुदत बघून घ्या. सेकंडहँड बेल्ट कधीच नको.

आता ब्रेक. साध्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू ताज्या अवस्थेत किमान २०५ डिग्री असतो आणि पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. आपल्या पावसाळ्यात ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं, म्हणून जूनमध्ये भरलेलं ऑइल नोव्हेंबरच्या ट्रॅक डेला (ट्रॅकवर गाडी चालवायच्या दिवशी) तेच राहिलेलं नसतं. आत वाफ झाली की पेडल दाबून फक्त वाफ दाबली जाते, आणि माझ्यासारखी मातीत मुक्कामाची वेळ येते. रेसिंगचं, तीनशेच्या वर उकळणारं ऑइल घ्या आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधल्या दिवशी ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढा. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते यात ओतू नका. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. ट्रॅकचे पॅड घ्या, ते नीट बसवून घ्या, म्हणजे आठ-दहा वेळा वेग घेऊन जोरात दाबायचं, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही, मग थंड होऊ द्यायचं. रबरी नळ्यांच्या जागी विणलेल्या स्टीलच्या नळ्या. बंपरमधल्या फॉगलॅम्पच्या भोकातून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची लवचिक नळी ओढली, तो माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी जुगाड. मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे जबडे) मी आजपर्यंत लावलेले नाहीत.

उष्णतेबद्दल नागपूरकराला काय सांगायचं! पण एक हिशेब करून बघा. पंधरा डिग्रीला जेवढी हवा इंजिनात जाते, त्यापेक्षा पंचेचाळीस डिग्रीला साधारण नऊ-दहा टक्के कमी जाते. म्हणजे तेरा घोडे नुसत्या उन्हाने खाल्ले. उघडा फिल्टर इंजिनबेमधली भाजलेली हवा ओढतो, तेव्हा आणखी जातात. माझा तो फिल्टर पुन्हा बंद डब्यात गेला, तोंड पुढच्या जाळीपाशी. रेडिएटर जाड ॲल्युमिनियमचा टाका, पण त्याआधी रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्याने आणि फोमने बुजवा. हवेला रेडिएटर टाळून जायला वाट ठेवली तर कितीही मोठा रेडिएटर शोभेलाच. पाणी डिस्टिल्ड, बोअरचं नको. इंजिन ऑइलला वेगळा छोटा कूलर आणि तापमानाचा काटा. मी मे महिन्यात दुपारी दोनला शेडच्या अंगणात अर्धा तास गाडी चालू ठेवतो. हलणाऱ्या गाडीसारखी हवा मिळत नाही, पण कुठली नळी घाम गाळते ते तिथेच कळतं.

टायर आणि सस्पेन्शन एकत्र धरा. कंपनीचा टायर १९५/६५ आर१५, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात. मी २१५/४५ आर१७ वर गेलो. उंची जवळपास तीच राहते, पण दांडगा बाजूचा भाग कमी होतो आणि टायर वळणात लोळत नाही. ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी तितका टायर मऊ) २०० चा चिकट टायर महिनाभर उन्हात टाकू नका, गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. हवा गार टायरला २८ पीएसआयपासून सुरू करा आणि लॅप संपवून पिटमध्ये आल्या आल्या मोजा. माझी गाडी गरम टायरला ३४-३५ वर खूश असते. सकाळी सातला भरलेली हवा दुपारी बाराला तीच नसते, त्यामुळे गेज खिशात असू द्या.

पुढच्या स्ट्रटला (शॉकॲबसॉर्बरच्या खांबाला) कॅम्बर प्लेट लावून चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, उणे तीन डिग्री केला, चाकाचं वरचं टोक आत. टो पुढे शून्य, म्हणजे पुढची दोन्ही चाकं सरळ समांतर. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते, पुढचेच टायर वळवतात, म्हणून वळणात नाक बाहेर जातं. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलंडू न देणारा दांडा) कडक केला की नाक आत येतं. मात्र आता वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट फिरते. पहिल्यांदा फिरली तेव्हा मीच गाडीत बसून हसलो होतो, भीतीने. प्लेटांचा लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारा, दुसऱ्या वर्षी आला. वळणातून निघताना आतलं चाक नुसतं घिरट्या घालत होतं, ते बंद झालं. अलाइनमेंट करणाऱ्या दुकानात 'कंपनीच्या मापात आणून देतो साहेब' म्हणतील. आपले आकडे कागदावर लिहून न्या आणि तिथेच उभे राहा.

पुढचा स्प्लिटर, म्हणजे गाडीचं नाक रस्त्याला दाबून धरणारी बंपरखालची आडवी फळी, लकडगंजातल्या १२ मिलिमीटर मरीन प्लायचा. ओठासारखा बंपरच्या साठ मिलिमीटर पुढे. तो बंपरला नाही, थेट चेसिसला आणि दोन रॉडला बांधा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीला न जाणवणारा स्प्लिटर एकशे साठला चौपट जोराने खाली ओढतो, आणि बंपर उपटून घेऊन जातो. त्यावर उभं राहून बघा. माझ्या मिस्त्रीचं वजन पंच्याऐंशी किलो आहे, तो माझं टेस्टिंग मशीन.

इंजिनावर थोडंच. आर१८ मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्याच्या जागी बाहेरून हेडर लावायला जागाच नाही, त्यामुळे 'हेडर टाका भाऊ, दहा घोडे वाढतात' म्हणणाऱ्याने बोनेट उघडलेलंच नाही हे ओळखा. प्लग, इंजिन माउंटिंग, व्हॉल्व्हची फट, ताजं ऑइल, बस. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. लांब वळणात ते संपच्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. के२० चं स्वप्न मलाही पडतं, मी कूस बदलून झोपतो.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. तारीख, हवा किती डिग्री, टायरची हवा, काय बदललं, वेळ. फोनमधला जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो, त्यावर दशांशाचे वाद घालू नका. सेकंदाला दहा वेळा मोजणारा छोटा रिसीव्हर घ्या. माझ्या वहीत तीन वर्षांत साडेपाच सेकंद कमी झालेले दिसतात. त्यातले निम्म्याहून जास्त टायर आणि पॅडच्या पानांवर आहेत. दीड सेकंद अशा पानावर आहे जिथे गाडीला हातच लावला नव्हता. त्या दिवशी शेजारच्या सीटवर एक जुना रेसर बसला होता आणि त्याने मला फक्त ब्रेक उशिरा सोडायला लावला.

चेन्नईजवळचा तो इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. नागपूरहून हजार किलोमीटरच्या वर अंतर, ट्रेलर घेऊन दीड दिवस. निघताना चाकांचे नट टॉर्क रेंचने १०८ न्यूटन मीटरला, आणि पहिल्या सेशननंतर परत. सामानात पॅडचा दुसरा सेट, दोन बाटल्या ब्रेक ऑइल, केबल टाय, तार, जाड टेप, पाण्याचे चार कॅन. आणि ट्रेलरचा टायर. मागच्या वेळी सिव्हिकचे आठ टायर सोबत होते आणि आदिलाबादच्या अलीकडे रात्री दोन वाजता फुटला तो ट्रेलरचा.