जुनं ट्रिटियमचं घड्याळ घेताय? आधी नळ्यांचं वय काढा

लोक माझ्याकडे जुनी लुमिनॉक्स किंवा ट्रेझर, म्हणजे डायलवरच्या ट्रिटियमच्या नळ्यांनी अंधारात आपोआप उजळणारी घड्याळं, दाखवायला आणतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे खरंच अमेरिकन नौदलाच्या सील कमांडोंचं आहे का हो?’ मी उलट विचारतो, ‘नळ्या कोणत्या सालच्या?’ क्वार्ट्झ मशीनला नवा सेल टाकला की ते चालू होतं, काच बदलता येते, पट्टा तर हमखास मिळतो. उजेडाचं तसं नाही. तो साठा कारखान्यात एकदाच भरतात आणि घड्याळ खोक्यात पडून राहिलं तरी तो घटतच असतो. त्यामुळे ‘एकदाही न घातलेलं, अगदी कोरं’ असं कुणी सांगितलं तर मी तरी जास्त सावध होतो.

भिंग लावून डायल पाहा. प्रत्येक अंकाशी तांदळाच्या दाण्याहून बारीक अशी काचेची कांडी बसवलेली दिसेल. तिच्या आतल्या भिंतीला फॉस्फरचा लेप असतो, पोकळीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन वायू, असतो आणि दोन्ही टोकं लेझरने वितळवून बंद केलेली असतात. ट्रिटियममधून निघणारे इलेक्ट्रॉन लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. त्याला ना ऊन लागतं, ना सेल. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात की काचेच्या भिंतीबाहेर पडत नाहीत, त्यामुळे मनगटाला भीती नाही.

आता वय. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 12.3 वर्षं. म्हणजे 10 वर्षांनी मूळ उजेडाचा साधारण 57 टक्के, 20 वर्षांनी 32 टक्के आणि 25 वर्षांनी जेमतेम चौथा हिस्सा उरतो. लेपही म्हातारा होतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच धरा. कंपन्या ‘25 वर्षं उजेड’ सांगतात ते खोटं नाही, पण पंचविसाव्या वर्षीचा उजेड पहिल्या वर्षीसारखा असेल असं कुणी म्हटलेलं नसतं. डोळ्यांना मात्र निम्मा उजेड निम्मा वाटत नाही, त्यामुळे 12 वर्षांचं घड्याळ रात्री आरामात वाचता येतं.

साल काढायला इतिहास उपयोगी पडतो. बर्नजवळच्या निडरवांगेनमधली एमबी-मायक्रोटेक ही कंपनी 1969 पासूनची. या नळ्या तिथे बनतात. त्याच घरातलं ट्रेझर पी6500 हे घड्याळ 1989 मध्ये अमेरिकन लष्करासाठी तयार झालं. त्याच वर्षी अमेरिकेत बॅरी कोहेन यांनी लुमिनॉक्स सुरू केलं, नळ्या याच स्विस कंपनीच्या. 1992 च्या सुमारास सील दलाच्या खरेदीचं काम पाहणारे निक नॉर्थ यांच्या नजरेत ही घड्याळं आली आणि 1994 मध्ये सीलसाठीचं मॉडेल तयार झालं: हलकं काळं कवच, काळा डायल, काट्यांवरही नळ्या. बाजारात सर्वांत जास्त दिसतं ते हेच घराणं. 2006 मध्ये स्विस रेल्वेच्या घड्याळासाठी ओळखल्या जाणाऱ्या मोंडेनने लुमिनॉक्सचा निम्मा हिस्सा घेतला आणि 2016 मध्ये उरलेलाही. तेव्हा 1980 सालचं लुमिनॉक्स म्हणून कुणी काही विकत असेल तर गप्पा तिथेच थांबवा.

‘सीलचं’ आणि ‘सीलना दिलेलं’ यात मात्र मोठं अंतर आहे. दुकानात कुणालाही मिळणाऱ्या घड्याळावर दलाचं चिन्ह असू शकतं. अमेरिकन लष्कराच्या ठरावीक प्रमाणानुसार बनलेल्या मनगटी घड्याळाच्या मागच्या झाकणावर एमआयएल-डब्ल्यू-46374 हा प्रमाण क्रमांक, पुरवठ्याचा क्रमांक आणि बहुधा महिना-साल कोरलेलं असतं. असं झाकण मिळालं तर निम्मं काम झालं. फक्त झाकण आणि डायल एकाच घड्याळाचे आहेत ना, हे पाहा. या धंद्यात जोडाजोडी फार चालते. दुकानातल्या मॉडेलसाठी जुनं बिल किंवा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मागा. डायलवरच्या ‘टी 25’ खुणेवरून वय कळत नाही. ट्रिटियम 25 मिलिक्युरीच्या (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) मर्यादेत आहे, इतकंच ती सांगते.

कागद नसतील तर अंधाराची परीक्षा. घड्याळ रात्रभर बंद कपाटात ठेवा, त्याआधी टॉर्च अजिबात मारू नका. पहाटे अंधारातच उठा, मोबाइलला हात न लावता डोळ्यांना 20 मिनिटं द्या आणि मग पाहा. उजेड घेऊन साठवणारा सुपर-ल्युमिनोव्हाचा रंग एव्हाना पार मंदावलेला असतो, नळ्या मात्र संध्याकाळी होत्या तशाच दिसतात. हिरव्याची तुलना हिरव्याशीच करा. बारावरची नारिंगी नळी नवी असतानाही फिकीच असते. सगळे अंक सारखेच मंद असतील तर ते वय. एखादीच नळी काळी असेल तर ती तडकून वायू निघून गेलाय. काटे लख्ख आणि अंक मलूल असतील तर काटे नंतर बदललेत. फोटोवर विश्वास टाकू नका: जांभळी टॉर्च मारली की मेलेल्या नळीतला लेपही चमकतो आणि कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की काहीही सूर्यासारखं दिसतं.

याहून जुन्या, रंग फासलेल्या डायलबद्दल थोडक्यात. साठच्या दशकाआधीचा तपकिरी पडलेला, न चमकणारा रंग बहुधा रेडियम या किरणोत्सारी धातूचा असतो. लेप जळालेला असतो, पण 1,600 वर्षं अर्धायुष्य असलेलं रेडियम तसंच असतं. ते झाकण उघडू नका, रंग खरवडू नका. असा रंग भरताना ब्रशला ओठांनी टोक काढणाऱ्या न्यू जर्सीतल्या कामगार मुलींचे जबडे सडले होते.

ट्रिटियमची नळी फुटली तर घाबरण्यासारखं फारसं नसतं. खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर जा, नंतर घड्याळ पिशवीत बंद करा आणि हात धुवा. नळ्या मावळल्या असतील तर नव्या बसवून मिळतील का, हे कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. त्या घरी चिमट्याने उपटायच्या भानगडीत पडू नका आणि जुनं घड्याळ कचऱ्यात टाकण्याऐवजी कंपनी परत घेते का तेही तिथेच विचारून घ्या.