भीती वाटते तेव्हा भरवसा कसा ठेवायचा

प्रार्थनेला बसण्याआधी एक कागद घ्या. कशाची भीती वाटते ते त्यावर स्पष्ट लिहा. ‘काळजी वाटते’ असं मोघम नको. ‘ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आलीच नाही तर?’, ‘नोकरी गेली तर कर्जाचे हप्ते कसे भरू?’ असं लिहा. मग देवाला ते मोठ्याने वाचून दाखवा.

मी हे बायबलमधल्या हिज्कीया राजाकडून शिकले. इ.स.पूर्व 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा देशाची तटबंदीची नगरं घेत आला. त्याने हिज्कीयाला निरोप धाडला की, ज्या देवावर भरवसा ठेवतोस त्याच्याकडून फसू नकोस. हिज्कीयाने ते पत्र वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरलं (2 राजे 19). त्याची प्रार्थना सावकाश वाचा. अश्शूरच्या राजांनी देशच्या देश उजाड केलेत हे खरं आहे, असं तो देवाला सरळ सांगतो. मला सगळ्यात जास्त धीर या कबुलीने मिळतो. वाईट बातमी खोटी आहे असं स्वतःला पटवत बसायची त्याला गरज वाटली नाही. तुमचाही रिपोर्ट वाईट आला असेल, तर प्रार्थनेत तसंच सांगा.

माझ्या नवऱ्याच्या आजारपणात मी असाच कागद ठेवायची. एक ओळ खोडावी तर दोन नव्या यायच्या. त्याही वाचायची.

शब्दच फुटेनात तर स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांतच ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवटी दावीद गातो. तुम्हाला गाण्यापर्यंत पोचता आलं नाही, तर चौथ्या वचनावर थांबा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

जेवा, झोपा, औषधं चुकवू नका. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा जेवायला उठवलं.

आणि एकट्याने सोसू नका. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं. मंडळीतल्या एका भरवशाच्या माणसाला कागदावरची एक तरी ओळ वाचून दाखवा. ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणणाऱ्याकडे मात्र तूर्त जाऊ नका. आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने येशूला सांगितलं की विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालव. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरच मुलगा बरा झाला (मार्क 9).

सगळं तुमच्या मनासारखं होईल, अशी हमी मी देणार नाही. हिज्कीयाचं यरुशलेम नगर सन्हेरीबापासून बचावलं. पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या काळात तेच नगर पडलं, आणि ते पडणार हे त्याला ठाऊक होतं. बाहेर वेढा पडलेला, स्वतः कैदेत, तरी देवाने सांगितलं म्हणून त्याने आपल्या अनाथोथ गावचं शेत 17 शेकेल (त्या काळचं वजन) चांदी तोलून विकत घेतलं. त्या देशात पुन्हा घरं-शेतं विकत घेतली जातील, या देवाच्या शब्दावर त्याने खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावलं (यिर्मया 32).

म्हणून कागदाच्या तळाशी उद्याचं एक काम लिहा. मुलीची फी भरायची असेल, राहिलेला अर्ज द्यायचा असेल, काहीही. सकाळी उठून आधी ते करा.