ट्रेलरच्या प्रोपेन नळीतली बारीक गळती: या चुका टाळा

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पुढच्या टोकाला प्रोपेन गॅसचे दोन सिलिंडर असतात. तिथून गेलं की कुजक्या कांद्यासारखा वास येतो, पण आतली शेगडी झकास पेटते, फ्रिज चालतो, पाणी तापतं. त्यामुळे ‘टाकी बदलताना थोडा उडाला असेल’ म्हणून विषय सोडून दिला जातो. ही पहिली चूक. गळती बारीक असली तर शेगडीवर काहीच फरक दिसत नाही, कारण उरलेला गॅस पुरून उरतो. प्रोपेनला स्वतःचा वास नाही. येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा, आणि टाकी बदलून अर्धा तास झाल्यावरही तो येत असेल तर कुठूनतरी गॅस येतोच आहे.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या. वास ट्रेलरच्या आत असेल किंवा जमिनीलगतचा गॅस अलार्म वाजत असेल, तर हे काम तुमचं नाही. कुठलंही बटण न दाबता सगळ्यांनी बाहेर यायचं, दार उघडं ठेवायचं, बाहेरून दोन्ही सिलिंडर बंद करायचे आणि लांब जाऊन फोन करायचा. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड. तो खाली साचतो, वरची खिडकी उघडून तो जात नाही. पुढचं सगळं फक्त बाहेरच्या, सिलिंडरांजवळच्या गळतीबद्दल आहे.

घरच्या गॅसचा हिशोब इथे लावू नका

अमेरिकेत ट्रेलर घेणाऱ्या आपल्या लोकांचे हात घरच्या शेगडीच्या सवयीने चालतात. नळी नॉझलवर दाबून बसवायची, क्लिप आवळायची, झालं. पण भारतातली ती नारिंगी नळी रेग्युलेटरच्या पुढे असते आणि तिच्यात दाब असतो जेमतेम 30 मिलिबार. ट्रेलरवर सिलिंडरपासून रेग्युलेटरपर्यंत जाणारी आखूड नळी, म्हणजे पिगटेल, रेग्युलेटरच्या आधी येते. तिच्यात थेट सिलिंडरचा दाब असतो: 70 अंश फॅरनहाइटला सुमारे 110 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), 100 अंशांना 170 च्या आसपास. घरच्या नळीच्या अडीचशे पट! म्हणून भेग पडलेल्या पिगटेलवर इलेक्ट्रिकची टेप, एपॉक्सी, नळी कापून मध्ये जोड आणि क्लिप, यातलं काहीही चालत नाही. पिगटेल दुरुस्त होत नाही, बदलतात.

नळीवर आळ घेण्याआधी गळती शोधा

सर्वाधिक पैसे आणि वेळ इथे वाया जातो. वास आला की नवी नळी आणली जाते, आणि ती बसवूनही वास तसाच.

वाटीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घाला. घरातला अमोनियावाला काच-क्लीनर वापरू नका. अमोनियाने पितळेला कालांतराने तडे जातात. काडी किंवा लायटर धरून तपासायचं तर नावच नको. टाक्यांवरचं प्लास्टिकचं झाकण काढा, शेगडी, फ्रिज, गीझर, फर्नेस (ट्रेलर ऊबदार ठेवणारा हीटर) सगळं बंद करा, एकच सिलिंडर उघडा आणि जुन्या ब्रशने प्रत्येक जोडावर फेस लावा. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीला वेळ द्यावा लागतो: मिनिट-दोन मिनिटांत एका जागी मोहरीएवढे पांढरे कण जमतात, पुसले की पुन्हा तिथेच येतात. लावतानाचे फुगे मोठे असतात आणि विरत जातात. या दोन्हींत घोळ करू नका. तपासणी दुपारी करा. पहाटेच्या गारठ्यात दाब उतरलेला असतो, आणि सकाळी ‘ठीक’ ठरलेली नळी उन्हात पुन्हा वास मारते.

नळी हाताने हळूच वाकवून दोन्ही टोकांच्या धातूच्या टोपणांजवळ फेस लावा. रबर तिथेच आधी चिरतं. मधोमध कुठे ती टाक्या धरणाऱ्या धातूच्या कंसाला घासत असेल तर तिथेही पाहा.

आता नळीशी संबंध नसलेल्या दोन जागा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर एक छोटा खाचेचा स्क्रू असतो. टाकी 80 टक्के भरली की नाही ते भरणारा यातून पाहतो, आणि पुष्कळदा तो पुरता आवळायचा राहतो. नुकतीच टाकी भरून आणली आणि वास सुरू झाला, तर सगळ्यात आधी हा स्क्रू. स्क्रूड्रायव्हरने हलकेच आवळा, विषय संपला. दुसरी जागा व्हॉल्व्ह उघडायच्या मुठीच्या दांड्याची. तिथे फुगे येत असतील तर व्हॉल्व्ह खोलू नका, सिलिंडर बंद करून गॅस भरणाऱ्याकडे परत न्या.

नळी जिथे सिलिंडरला लागते त्या काळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या नटापाशी फुगे दिसले, तर दोष नळीचा की व्हॉल्व्हचा? दोन्ही सिलिंडर बंद करून नळ्यांची अदलाबदल करा. गळती नळीबरोबर गेली तर नळी, सिलिंडरपाशीच राहिली तर व्हॉल्व्हच्या तोंडातलं रबर. हा नट हातानेच आवळायचा असतो. गळतो म्हणून त्याला पाना लावणं ही फारच नेहमीची चूक आहे. सील आतल्या रबरावर होतं, नटाच्या जोरावर नाही. आवळून प्लास्टिक मात्र तडकतं.

चुकीची नळी

पिगटेलच्या एका टोकाला तो प्लास्टिकचा नट असतो. दुसरं टोक, म्हणजे रेग्युलेटरकडचं, बहुतेक ट्रेलरांवर पाव इंची इन्व्हर्टेड फ्लेअरचं (धातूवर धातू टेकून सील होणाऱ्या जोडाचं) असतं. दुकानात शेजारीच पाव इंची, निमुळत्या पाइप-आट्यांची नळी टांगलेली असते. लांबून दोन्ही सारख्या दिसतात, पण पहिलीचे आटे बारीक, इंचाला 24, दुसरीचे जाड, इंचाला 18. जबरदस्तीने फिरवली की रेग्युलेटरचं पितळ कापलं जातं आणि शंभरेक डॉलरचा नवा खर्च उभा राहतो. जुनी नळी सोबत न्या. लांबीही मोजा (12, 15, 18, 24 इंच अशा मिळतात). ताणून बसवलेली नळी वर्षभरात टोपणापाशी चिरते, फार लांब घेतली तर ती कंसावर घासते. बदलायच्याच आहेत तर दोन्ही बदला. दोघींनी ऊन सारखंच खाल्लेलं असतं.

बदलताना

एक सिलिंडर संपला की आपोआप दुसऱ्यावर जाणारा रेग्युलेटर आहे म्हणून एकच सिलिंडर बंद करून त्याच बाजूची नळी काढायला जाऊ नका. आतला झडपेचा पडदा झिजला असेल तर चालू बाजूचा गॅस उघड्या तोंडातून येतो. दोन्ही बंद करा, फ्रिजचं आपोआप गॅसवर पेटणारं ‘ऑटो’ बंद करा (नाहीतर तो मध्येच ठिणगी टाकतो), खिडक्या उघड्या ठेवून शेगडीचा एक बर्नर ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळा. मग बर्नर बंद करून बाहेर या.

रेग्युलेटरला एका पान्याने धरून ठेवा, दुसऱ्याने नळीचा नट सोडवा. एकच पाना लावला की अख्खा रेग्युलेटर फिरतो आणि त्याच्या मागचा, आजवर धड असलेला जोड गळू लागतो. नवी नळी आधी हाताने फिरवा, चार-पाच फेरे विनाअडथळा गेले पाहिजेत. हाताने पक्की बसली की पान्याने साधारण पाव फेरा.

आणि टेफ्लॉन टेप? फ्लेअरच्या जोडाला नाही. तिथे धातूवर धातू बसून सील होतं, आट्यांवर नाही. टेप लावली तर जोड नीट टेकत नाही आणि तिचे तुकडे रेग्युलेटरमध्ये शिरतात. टेप लागते ती फक्त निमुळत्या पाइप-आट्यांना, उदाहरणार्थ रेग्युलेटरमधून ट्रेलरच्या चौकटीकडे जाणाऱ्या जाड नळीच्या एका टोकाला. तीही गॅसची पिवळी, टोकाचा पहिला आटा मोकळा सोडून. पाण्याच्या नळाची पातळ पांढरी टेप गॅसला नको. रेग्युलेटर हलला असेल तर त्याचं श्वासाचं भोक खालीच तोंड करून आहे ना, पाहा. वर किंवा आडवं राहिलं की पावसाचं पाणी शिरतं.

बसवल्यावर ज्योत मंद का?

नवी नळी लावली आणि शेगडी मिणमिणते. लगेच रेग्युलेटर गेला असं ठरवलं जातं. खरं कारण बहुतेकदा मूठ झटक्यात उघडणं हे असतं. नळी रिकामी असते, गॅस एकदम धावतो, आणि नटातलं प्रवाह-रोधक त्याला तुटलेली नळी समजून वाट अडवतं. सिलिंडर बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, सगळी उपकरणं बंद ठेवून मूठ अगदी सावकाश उघडा. नळी भरू द्या, मग बर्नर लावा.

पुन्हा सगळ्या जोडांवर फेस लावा, फक्त नव्या नाही, रेग्युलेटरच्या मागच्याही. पहिल्या प्रवासानंतर, गाडी खडखडून आल्यावर, हेच एकदा आणखी. फेस कुठेच फुगत नाही आणि वास मात्र टिकून आहे, तर गळती नळीत नाही, ट्रेलरखालच्या पाइपांत किंवा एखाद्या उपकरणात आहे. ती मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून, रेग्युलेटरच्या पुढच्या कमी दाबाच्या (पाण्याच्या 11 इंच उंचीएवढ्या) बाजूने शोधावी लागते. ते आरव्ही, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या, तंत्रज्ञाचं काम. तोवर दोन्ही सिलिंडर बंद.