कोकणात पायी फिरताना फोनचा नकाशा

दोन वाड्यांमधलं अंतर डांबरी रस्त्याने पाच किलोमीटर आणि पाखाडीने (पायऱ्यांच्या पायवाटेने) पाऊण, हे कोकणात नेहमीचंच. फोन मात्र डांबरीच दाखवतो, कारण जांभ्याच्या पायऱ्यांच्या कित्येक पाखाड्या नकाशावर चढलेल्याच नाहीत. म्हणून तयारी आदल्या रात्री, नेट असेल तिथेच करा.

गुगल मॅप्समध्ये ‘ऑफलाइन नकाशे’मधून हवा तो भाग उतरवून घेता येतो, पण नेट गेलं की त्यावर फक्त गाडीचा मार्ग मिळतो, पायी चालायचा मिळत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड हे अ‍ॅप घ्या आणि महाराष्ट्राचा नकाशा उतरवा. दोन्ही नेटशिवाय पायवाट दाखवतात. मग गुगलच्या उपग्रह चित्रात वाट शोधा: दोन आगरांच्या मधून जाणारी फिकट रेघ, वहाळावरचा साकव (छोटा पूल), सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर) चढणारी वळणं. हे चित्र नेटशिवाय दिसत नाही, त्यामुळे साकव, देऊळ, शाळा, वाट फुटते ती जागा अशा सात-आठ खुणा ऑफलाइन नकाशावर आधीच टाकून ठेवा. नुसतं गावाचं नाव शोधू नका. गाव वाड्यावाड्यांत पसरलेलं असतं आणि नकाशातलं नाव त्यातल्या एकाच ठिकाणी असतं. ग्रामदेवतेचं देऊळ किंवा जिल्हा परिषदेची शाळा शोधलीत तर नेमकं पोहोचाल.

वेळेचा हिशेब सपाटीवर ताशी चार किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं जास्त.

निघताना उघड्यावर दोन मिनिटं उभे राहा. जीपीएसला सिमकार्ड किंवा नेट लागत नाही, पण नेट बंद असताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. मोकळ्या आभाळाखाली तुमच्या जागेचा ठिपका साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. नारळी-पोफळीच्या दाटीत तो इकडेतिकडे उड्या मारतो, तेव्हा प्रत्येक उडीला वळू नका. वीस-तीस पावलं सरळ चाला आणि ठिपका कोणत्या बाजूला सरकतो ते पाहा.

दिशेचा बाण वेगळा, तो फोनमधल्या होकायंत्रावर चालतो. चुंबकाची झडप असलेलं कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, बाण ताळ्यावर येतो. राजापूरजवळच्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी मात्र साधं होकायंत्रही चुकतं, कारण तिथल्या खडकातच चुंबकीय विचलन आहे. तिथे बाण सोडा, ठिपक्यावर चाला.

सड्यावर झाड नाही, खूण नाही, चारी बाजूंनी सारखंच. पावसात वर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा गडगा (दगडी कुंपण) दिसत नाही. सड्यावर पाय ठेवतानाच चाललेल्या वाटेची नोंद सुरू करा, म्हणजे परतताना त्याच रेघेवरून येता येईल.

सगळ्यात जपायचं ते खाडीला. नकाशावर पलीकडचं गाव बोटभर अंतरावर दिसतं, पण मध्ये पाणी आणि चिखल. तर (होडीने पलीकडे जायची सोय) किंवा जेटी आहे का ते बघा (दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ इथे फेरीबोट आहे) आणि शेवटच्या फेरीची वेळ जेटीवरच विचारा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणी ओहोटीतच चालत जाता येतं. फोनमधलं भरतीचं कोष्टक घरच्या हिशेबाने ताडून पाहा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी नऊच्या सुमारास. पाणी पुरतं ओसरण्याआधी तासभर निघा, ओसरल्यावर तासाभरात परत फिरा. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी पुरेसं मागे हटत नाही, तेव्हा हा बेत करूच नका.

बॅटरीसाठी फोन विमान मोडवर ठेवा. बहुतेक फोनचं जीपीएस त्यातही चालतं. पावसात ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि एक कोरडा रुमाल हवाच.

घरच्यांना जागा कळवायची तर अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवा. नकाशावर बोट दाबून धरलं की ते दिसतात. रत्नागिरीच्या आसपास पहिला आकडा १७च्या आगेमागे, दुसरा ७३च्या. दशांश चिन्हापुढचे पाच आकडे लिहिले तर जागा साधारण मीटरभरापर्यंत नेमकी कळते. क्रम मात्र उलटा करू नका. तसं झालं तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो.