भरतकाम केलेले चौकोन गोधडीत सारखे बसवण्यासाठी

चौकोन आधी मापात कापून मग त्यावर भरतकाम केलं, की टाक्यांनी कापड ओढलं जातं. एक चौकोन पाव इंच लहान, दुसरा तिरका, आणि जोडताना कोपरे जुळत नाहीत. म्हणून क्रम उलटा करा: आधी भरा, मग कापा.

१. तयार चौकोन ८ इंची हवा असेल तर कापड १० इंची घ्या. रिंगमध्ये ताणायलाही ते सोपं जातं.

२. नक्षी मधल्या ७ इंचांतच ठेवा.

३. भरून झाल्यावर जाड टॉवेलवर चौकोन पालथा ठेवून उलट्या बाजूने इस्त्री करा. टाके दबत नाहीत, उठून दिसतात.

४. पुठ्ठ्याची चौकट करा: बाहेरून ९ इंच, आत ८ इंचांची खिडकी. लग्नातल्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. खिडकीतून फूल मधोमध येईपर्यंत चौकट सरकवा, बाहेरच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि कापा. आतली रेघही उलट्या बाजूने आखून घेता येते. धावदोरा त्याच रेघेवर. चहूबाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, आपोआप सुटते.

बाजारातून आणलेलं सुती कापड आधी धुऊन घ्याच, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. येवल्याच्या पैठणीचा तुकडा लावायचा असेल तर मागे मांजरपाटाचं अस्तर द्या, काठ उसवत नाही.

लाल आणि गडद निळ्या दोऱ्याचा रंग मात्र ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून तपासा. फडक्याला लागला, तर तो दोरा वापरू नका.