मिरग तोंडावर आलाय, बियाण्याला मिठाचं पाणी दाखवलं का?

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, सगळ्या भातवाल्यांनो, हे आजच वाचा, पाऊस पडल्यावर वाचून उपयोग नाय. राब (रोपं वाढवायची भाजलेली जागा) भाजून झाले, नांगर-पॉवर टिलर तयार, दुकानात खताला लाइन लागली, आणि बियाण्याला काय केलं विचारलं की उत्तर दरवर्षीचंच, "काय करायचंय, गेल्या साली पण तसंच फेकलं होतं." गेल्या साली ज्यांच्या आवणीनंतर (म्हणजे लावणीनंतर) करपा, हा बुरशीचा रोग, पसरला त्यातले बरेचसे हेच तसंच फेकणारे, मी बांधावर उभं राहून बघितलंय.

आता मुळात समजून घ्या. माती, पाणी, शेण, हवा, तुमचा हात, भाताचं टरफल, सगळीकडे डोळ्याला न दिसणारे जीव बसलेत. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. पहिल्या पावसाला जो मातीचा वास येतो ना, तो पण त्यातल्याच एका जातीने बनवलेला असतो. बहुतेक जण आपल्या कामाचेच आहेत, शेण कुजवतात, युरियाचं पिकाला घेता येईल असं रूप करतात, मातीत अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) सोडवतात. पण थोडे जण पिकावर जगतात आणि त्यातले काही बियाण्यावर बसूनच तुमच्या राबात येतात. करपा असाच येतो, तपकिरी ठिपके पण. हा तपकिरी ठिपक्यांचा रोग साधा समजू नका, १९४२ ला बंगालात याने भात साफ झोपवलं, पुढच्या साली तिथे दुष्काळ पडला त्याच्या कारणांत हे पण एक धरतात.

म्हणून मिठाचं पाणी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम साधं मीठ, म्हणजे ३ टक्के. बी टाका, ढवळा, थांबा. वर आलेलं पोचट, हलकं, रोगट बी काढून टाका (कोंबडीला घालायचं तर धुऊन घाला). तळातलं बी साध्या पाण्याने २-३ वेळा धुवायचं आणि सावलीत २४ तास वाळवायचं. खर्च किती, तर मिठाच्या एका पुड्याचा. काही जण अंडं तरंगेपर्यंत मीठ टाकत बसतात, ताजं अंडं तरंगायला १० टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं, एवढ्या खारट पाण्यात थोडं चांगलं बी पण वर येऊ शकतं आणि मग म्हणतात बियाणं फसवं निघालं. वजन करून टाका. आणि मिठाने रोग मरत नाय, फक्त रोगट दाणा बाजूला होतो, मारायचं काम पुढच्या औषधाचं.

ते औषध थायरम, म्हणजे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम, बी वाळल्यावर चोळायचं. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम, पण मग त्याच्यासोबत कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक लावू नका, ट्रायकोडर्मा स्वतः एक बुरशीच आहे, बुरशीनाशकाने मरणारच.

सगळ्यात शेवटी जिवाणू. हवेतला नत्र (नायट्रोजन) धरणारं ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम २५ ग्रॅम आणि स्फुरद विरघळवणारं म्हणजे पीएसबी २५ ग्रॅम, एक किलो बियाण्याला, गुळाच्या गार पाण्यात कालवून. सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. क्रम उलटा केला, आधी जिवाणू मग औषध, तर पैसे वाया. आणि पाकीट आणून पत्र्याच्या पडवीत नायतर गाडीच्या डिकीत ठेवलं तरी वाया, मे महिन्यात मुरबाडकडे पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको, आत जे आहे ते जिवंत आहे. विकत घेताना मुदतीची तारीख बघा, दुकानदाराने पाकीट उन्हाच्या फळीवर मांडलं असेल तर घेऊच नका. माझी एक खूण, कुठल्या घडीपत्रिकेत नसेल: पाकीट फोडल्यावर ओल्या मातीसारखा वास आला तर वापरतो, सडका आला तर उकिरड्यावर.

पिशवीतलं बी रंगीत असेल तर कंपनीने औषध लावलेलं आहे, लेबल वाचा, त्याला परत मिठात बुडवू नका, औषध धुऊन जाईल. त्याला फक्त जिवाणू लावा. घरचं बी किंवा शेजाऱ्याकडून बदलून आणलेलं असेल तर मिठाशिवाय पेरूच नका, हे मी परत परत सांगणार.

बाकीची कामं, सगळ्यांना येतात म्हणून नुसती यादी:
- बियाणं हेक्टरी: सुधारित ३५ ते ४० किलो, संकरित २० किलो
- रोपवाटिका हेक्टरी १० गुंठे, गादीवाफा १ ते १.२ मीटर रुंद
- पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, एका सरीवर भुलून नाय
- रोप २१ ते २५ दिवसांचं, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) २-३ रोपं
- अंतर २० बाय १५ सेमी

राबाबद्दल एक. भाजल्याने तण जळतं हे खरं, पण वरच्या थरातले कामाचे जीव पण जळतात. भाजणार असालच तर नंतर कुजलेलं शेणखत वरून विस्कटा, रोप लवकर हिरवं धरतं असं माझं निरीक्षण आहे, मोजमाप केलेलं नाय.

दुकानात सध्या बाटल्या आल्यात, "दहा जिवाणूंचं मिश्रण", "मातीला नवसंजीवनी", किंमत ऐकून घाम फुटेल. उधारीवर देतात म्हणून घेऊ नका. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन एक ते दोन किलो, बांधावरची मूठभर माती, २-३ दिवस सावलीत रोज ढवळा, एका एकराला जीवामृत झालं, आठवड्याच्या आत वापरून टाका. आणि आवणीनंतर पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ येतं ते घाण म्हणून काढू नका, ते हवेतला नत्र धरतं, पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलंय. येत नसेल तर लावणीनंतर ८-१० दिवसांनी हेक्टरी १० किलो सुकं शेवाळ टाकता येतं.

आता कडा करपा. हा जिवाणूचा रोग, भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तोच आपल्या महाराष्ट्रात, १९५१ ला. ऑगस्टमध्ये वारा-पाऊस झाला आणि पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळायला लागल्या की ओळखा. खात्री करायची तर पानाचा रोगट तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा, कापलेल्या जागेतून दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणूच. मग युरिया ताबडतोब बंद, खाचरातलं पाणी काढा पण खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात सोडू नका, रोग पाण्याबरोबर जातो. आवणीच्या वेळी रोपाचे शेंडे तोडायची सवय असेल तर ती पण सोडा, तोडलेल्या जागेतूनच तो आत शिरतो. जुन्या घडीपत्रिकेत स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी लिहिलेली दिसेल, ते माणसाच्या टीबीचं औषध आहे, मी सांगत नाय, दुकानदाराने दिलं तरी घेऊ नका.

जिवाणूंची पाकिटं हवी असतील तर गावच्या कृषी सहायकाला आजच फोन लावा, मिरग लागल्यावर शिल्लक राहत नाय, आणि तोवर मीठ तरी आणून ठेवा.